इरकलीचा पदर व्हिडिओत लालच दिसावा म्हणून

साड्यांचे व्हिडिओ करणाऱ्याने दिवा घ्यायला जाताना गिऱ्हाइकाकडून परत आलेली एखादी साडी पिशवीत टाकून न्यावी, असं माझं आता ठाम मत झालंय. आमच्याकडे परत आली ती इरकल होती. अंग मोरपिशी, पदर नेहमीचा लाल. फोंड्याच्या एका ताईंनी व्हिडिओत बघून मागवली आणि हातात पडल्यावर फोन केला, "साडीला नाव ठेवायला जागा नाही हो, पण तुम्ही दाखवलात तो पदर विटकरी होता. हा तर लालभडक आहे." त्यांना विटकरीच हवा होता. आम्ही तोंडाने "लाल पदर" असंच सांगितलं होतं, पण माणूस डोळ्यांनी बघितलेलं धरून चालतो. बरं, परत पाठवायचा कुरिअरचा खर्च कुणी सोसायचा, हा वाद वेगळाच.

आमचं घर बेळगावात वडगावला. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा पट्टा विणकरांचा. पुढच्या खोलीत माग, मागे राहतं घर. आमच्या मागावरच्या साड्या आणि बागलकोटकडून आणलेल्या इरकली असा आमचा माल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद पडली तेव्हा जाऊबाईंनी मोबाईल उभा करून साड्या दाखवायला सुरुवात केली आणि बघता बघता तेच मुख्य दुकान झालं. निपाणी, कोल्हापूर, धारवाड, गोवा, कुठून कुठून बायका येतात. कुणी "ताई, काठ जवळून दाखवा" लिहितं, कुणी कन्नडमध्ये "अक्का, रेट?" विचारतं. पण या सगळ्या येतात रात्री, जेवणं आवरल्यावर, नऊच्या पुढे. त्यामुळे "खिडकीच्या उजेडात शूट करा, फुकटचा सगळ्यात चांगला लाईट" हा जो सल्ला सगळीकडे मिळतो, तो आमच्या कामाचा नाही. शिवाय बेळगावचा जून ते सप्टेंबर म्हणजे दुपारी दोनलासुद्धा घरात दिवा लावायचे दिवस. ढग सरकला की पडद्यावरची साडी एकदा निळसर, एकदा पिवळट.

पहिला दिवा आला तो रिंगलाईट, कारण सगळ्यांकडे तोच असतो. १८ इंची गोल कडं, मधे मोबाईल अडकवायचा. तोंड दाखवायला तो ठीक आहे. मेकअप शिकवणाऱ्या मुलींना तो शोभतो, कारण उजेड कॅमेऱ्याच्या भोवतीनेच येतो आणि चेहऱ्यावर सावलीच उरत नाही. पण साडीला सावली लागते. सुताची वीण, काठाची उठावदार नक्षी, कसुतीचा, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या हाताच्या भरतकामाचा, टाका हे सगळं दिसतं ते बारीक बारीक सावल्यांमुळे. समोरून सपाट उजेड मारला की हातमागाची साडी आणि छापील कापड एकसारखं दिसायला लागतं. जरीवर तर मधोमध पांढरा गोळा उठतो आणि त्यात नक्षी गडप. माझ्या चष्म्यात दोन गोल चकत्या दिसायच्या त्या वेगळ्याच. मामंजी एकदा मागून बघत उभे होते, म्हणाले, "साड्या विकूलालीस का डोळे तपासूलालीस?"

दुसरा सल्ला आला जास्त वॅटचा दिवा घ्या असा. साडी परत आल्यावर मात्र आमच्या ध्यानात आलं की प्रश्न उजेड कमी-जास्त असण्याचा नाहीच, उजेडात काय आहे याचा आहे.

हे कळायला खरं म्हणजे आमच्या घरात वेगळं शिकायची गरज नव्हती. ब्लाउजपीस मॅच करायला गेलेली कुठलीही बाई काय करते? कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येते. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात हे प्रत्येकीला माहीत असतं. रंगारीही सुताची लडी वाळली की अंगणात नेऊनच शेड बघतो. मग हीच परीक्षा दिव्याची का घेऊ नये, असं मनात आलं.

शहापुरात लग्नाच्या व्हिडिओचं काम केलेले एक काका आहेत, आता काम थांबवलंय. त्यांच्याकडे माळ्यावर अजून जुना हजार वॅटचा हॅलोजन आहे, मांडवात नवरानवरीला घाम फोडणारा तोच. त्यांनी तो आणून लावला आणि मोबाईलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरा धरायचं ते, ३२०० केल्विनवर नेऊन ठेवला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). पदर पडद्यावर जसाच्या तसा लाल! आमच्या महागड्या दिसणाऱ्या एलईडी दिव्याला जे जमलं नव्हतं ते या अडगळीतल्या डब्याने करून दाखवलं.

काकांनी कारण सांगितलं ते असं. हॅलोजनमध्ये तार तापून उजळते, त्यामुळे तिच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, लाल तर भरपूर. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, त्यावर पिवळसर लेप दिलेला. निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं, पण स्वस्त दिव्यात गडद लाल फार थोडा असतो. दिव्यातच लाल नसेल तर पदर परतवणार काय? म्हणून तो विटकरी, तपकिरी, मरगळलेला दिसतो.

मग हॅलोजनच का ठेवला नाही? एक तर उष्णता. रेशमाजवळ तो नेववत नाही, बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवत नाही. दुसरं, हजार वॅट आमच्या इन्व्हर्टरला झेपत नाहीत, आणि पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही. तिसरं काकांनीच दाखवलं. त्या पिवळ्या उजेडात निळा कमी असतो, म्हणून गडद निळी साडी आणि काळी चंद्रकळा शेजारी धरल्या की ओळखू येत नाहीत. संक्रांतीच्या तोंडावर हे आम्हाला परवडणारं नव्हतं.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल, कारण दुकानदार ते तोंडपाठ म्हणतात पण समजावत कुणी नाही. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण. उन्हाला शंभर. घरातल्या साध्या एलईडी बल्बला साधारण ८०. व्हिडिओच्या दिव्यांवर ९५, ९६ लिहिलेलं असतं. पण हे गुण काढताना आठ फिकट रंग घेऊन त्यांची सरासरी करतात, त्यात गडद लाल येतच नाही. त्या लालचा आकडा वेगळा असतो, त्याला आर ९ म्हणतात. सीआरआय ८० असलेल्या बल्बचा आर ९ शून्याच्या आसपास, क्वचित उणेसुद्धा निघू शकतो. म्हणजे मुलगा सरासरीत पास आणि नेमका गणितात नापास! ज्याला हिरव्या-निळ्या वस्तू दाखवायच्या आहेत त्याचं अडणार नाही. आमचा अर्धा माल लाल, डाळिंबी, किरमिजी, त्यामुळे मी दुकानात शिरल्या शिरल्या आर ९ विचारायला लागले. बहुतेक ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं की मी कन्नडही नाही आणि मराठीही नाही अशा तिसऱ्याच भाषेत बोलतेय. एकाने "मॅडम, ९६ आहे की, आणि काय पाहिजे?" म्हणून सीआरआयवरच बोट ठेवलं. त्याच्या खोक्यावर आर ९ नव्हताच.

म्हणून आकड्यांपेक्षा लड्यांवर भिस्त ठेवली. लाल, डाळिंबी, जांभळा, मोरपिशी, गडद निळा, हळदी आणि कोरा पांढरा अशा सुताच्या लड्या एका पुठ्ठ्यावर ओळीने बांधल्या, शेजारी परत आलेल्या इरकलीचा पदर. इरकलीच्या पदरात तीन लाल पट्टे आणि मधे दोन पांढरे असतात. ते इथे फार उपयोगी पडले, कारण पांढऱ्यावरून व्हाइट बॅलन्स लावायचा आणि लगेच लालकडे बघायचं. दुकानातला दिवा लावायचा, फोटो घ्यायचा. मग पुठ्ठा घेऊन बाहेर रस्त्यावर उन्हात, तिथेही पांढऱ्यावर बॅलन्स लावून फोटो. दोन्ही फोटो एकाशेजारी एक. किर्लोस्कर रोडपासून खडे बाजारापर्यंत आम्ही दोघी जावा हा पुठ्ठा नाचवत हिंडलो. लोक विचारायचे, सूत विकायला आणलंय का?

या परीक्षेत बरेच दिवे उघडे पडले. ९६ चं स्टिकर मिरवणारा एक चपटा पॅनेल तर लाल आणि डाळिंबी लडी एकच करून टाकत होता. उलट एका लग्नाच्या फोटोग्राफरने दिवसभर भाड्याने दिलेल्या दिव्याखाली सातही लड्या उन्हातल्यासारख्याच उतरल्या, आणि त्याच्या माहितीपत्रकात आर ९ चा आकडा ९० च्या वर छापलेला होता. भाड्याने आणून घरी लावून बघणं ही गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. दुकानात चारी बाजूंनी ट्यूब पेटलेल्या असतात, तिथे दिव्याची खरी परीक्षा होत नाही. निदान दुकानदाराला बाकीचे दिवे मिनिटभर बंद करायला सांगावं. करतात, जरा कुरकुरतात.

दुसरी परीक्षा थरथरीची. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसतात. आमच्या मागाच्या खोलीतल्या जुन्या चोकच्या ट्यूबखाली हे हमखास व्हायचं. शटर, म्हणजे एक चित्र टिपायला कॅमेरा घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर अडकवून ठेवलं की हे पट्टे बहुतेक जातात. पण काही एलईडी दिवे मंद करताना मुळात भरभर चालू-बंद होतात आणि त्यांना या शटरने आवरता येईलच असं नाही. दिवा घेताना तो अगदी मंद करायचा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये पांढऱ्या कागदाचा व्हिडिओ घ्यायचा. लुकलुक असेल तर तिथेच दिसते.

शेवटी घेतला तो ६० वॅटचा, एकाच मोठ्या चकतीचा दिवा, ज्याला सीओबी म्हणतात. रंग ५६०० केल्विन, म्हणजे दुपारच्या उन्हाजवळचा. पिवळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फिरवता येणारेही मिळतात, पण आम्हाला रोज एकच शेड हवी होती. आज घेतलेला व्हिडिओ आणि सहा महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ यांत तीच साडी तशीच दिसली पाहिजे. फिरवायचं बटण असलं की घरातलं कुणीतरी ते फिरवणारच. दिव्याला पुढे बोवेन्स माउंट आहे. ही बोवेन्स नावाची इंग्लंडची कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिने पाडलेला तोंडाचा आकार जगभर चालतो, त्यामुळे सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेली, उजेड मऊ करणारी पेटी), छत्री काहीही दुसऱ्या कंपनीचं आणून बसवता येतं. दिवा, स्टँड आणि सॉफ्टबॉक्स मिळून दहा हजारांच्या घरात गेलं. घरात कुजबुज झाली, पण परत आलेल्या साड्यांची वही जाऊबाईंकडेच असते. तिने ती नुसती समोर ठेवली.

सॉफ्टबॉक्सबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आमचे निम्मे पैसे तिथे वाचले. उजेड मऊ पडणं हे दिवा साडीच्या मानाने किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. तीन फुटी सॉफ्टबॉक्स हाताच्या अंतरावर असेल तर सावल्यांच्या कडा विरघळतात. तोच भिंतीला टेकवून ठेवला तर साडीच्या दृष्टीने तो छोटा दिवा होतो आणि सावली पुन्हा टोकदार. आणि अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा उरतो. म्हणून दिवा जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, फक्त तो चित्रात येऊ द्यायचा नाही. त्यामुळे ६० वॅट पुरतात, आणि आमची खोली दहा बाय बाराची आहे हे पहिल्यांदाच फायद्याचं ठरलं.

डावीकडून, डोक्याच्या थोडा वर आणि तिरका असा तो लावतो. उजवीकडे दुसरा दिवा नाही. तिथे थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा आहे, सिनेमावाले वर्षानुवर्षं वापरतात तसा. तो सावलीच्या बाजूला उजेड परत फेकतो आणि पैसे जवळपास लागत नाहीत. जरीची साडी असली की तक्ता सरकवायचा खेळ सुरू होतो. जरीची तार आरशासारखीच वागते, समोर जे असेल ते दाखवते. समोर मोठा पांढरा पृष्ठभाग असला तर काठ सलग सोनेरी चमकतो, समोर अंधार असला तर तोच काठ काळवंडतो. धूपछाव साडीला, जिचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, एका जागी धरून उपयोग नाही. तिरक्या उजेडात ती हळूहळू हलवावी लागते, तेव्हा दोन्ही रंग बाहेर पडतात. कसुतीच्या साडीला आम्ही दिवा आणखी कडेला नेतो, जवळजवळ कापडाला घासून उजेड जाईल असा. तेव्हा एकेक टाका कापडावर उभा राहतो. त्यात विणीतला दोषही दिसतो, सुटलेला धागा असला तर तोही. जाऊबाई म्हणते दिसू दे, इथे दिसला तर कुरिअर वाचतं.

एवढं करूनही मोबाईल ऑटोवर ठेवला तर सगळं पाण्यात. मोबाईलला वाटतं की जगातलं प्रत्येक चित्र सरासरीने करडं असतं. लाल साडी पूर्ण पडद्यावर पसरली की तो म्हणतो, इथे लाल फार झाला, आणि निळं-हिरवं मिसळून लाल मारून टाकतो. काळी चंद्रकळा धरली की त्याला अंधार वाटतो आणि तो तिला राखाडी करतो. पांढऱ्या साडीला मळकट करतो. आम्ही आता व्हाइट बॅलन्स ५६०० वर, शटर १/५० वर आणि आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) एकाच जागी बांधून टाकतो, आणि दर व्हिडिओच्या सुरुवातीला पांढरा कागद साडीशेजारी धरतो. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झालीय. एकदा विसरले तर कुणीतरी लिहिलं, "अक्का, आज कागद कुठंय?" गिऱ्हाइकाच्या मोबाईलचा पडदा कसा आहे यावर आपला इलाज नाही, पण आपल्याकडून निघताना रंग खरा निघाला पाहिजे.

बाकीच्या गोष्टी झटपट. दिव्याला पंखा असतो आणि तो घुमतो. आमचा माग रात्री बंद असतो त्यामुळे तो आवाज ऐकू येतो, म्हणून माईक कॉलरला लावतो. सॉफ्टबॉक्स पुढे जड असल्याने स्टँड कलंडतो. त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवली आहे, घरात लहान मुलं असतील तर हे आधी करावं. ६० वॅटचा दिवा आणि वायफाय दोन्ही इन्व्हर्टरवर चालतात, करंट गेलेला बघणाऱ्यांना कळतही नाही. व्हिडिओच्या वेळी खोलीतला पिवळा बल्ब बंद. एका साडीवर दोन रंगांचे उजेड पडले की कुठलाच व्हाइट बॅलन्स दोघांना पुरत नाही.

राहता राहिली भिंत. आमच्या त्या खोलीला खालून चार फूट हिरवा ऑइलपेंट आहे, जुन्या घरांना असतो तसा. दिव्याचा उजेड त्या हिरव्यावर आपटून साडीच्या खालच्या निऱ्यांवर येतो आणि मोतिया रंगाची साडी गुडघ्याखाली आजारी दिसते. सध्या तिथे पांढरी चादर टांगून भागवतोय. दिवाळीआधी भिंत रंगवायला मामंजींनी परवानगी दिलीय, पण त्यांचा आग्रह क्रीमचा. "पांढरी भिंत काय, दवाखाना हाय काय ह्यो?" म्हणतात. क्रीम म्हणजे पुन्हा पिवळट झाक. जाऊबाई त्यांना लड्यांचा पुठ्ठा घेऊन समजावायला बसली आहे, अजून निकाल लागायचाय.